‘एकच ओळ अजून किती वेळ म्हणणार?’

स.न.वि.वि.

माझं वय ६८, बँकेतून निवृत्त. कॉलेजात असताना एका मित्रानं ओढून ‘सवाई गंधर्व’ संगीत महोत्सवाला नेलं, तेव्हापासून आजारपण आणि करोना सोडला तर एकही वर्ष चुकवलेलं नाही. आधी सतरंजीवर बसायचो, आता गुडघ्यांमुळे खुर्ची लागते. गेल्या डिसेंबरात मुलगा आणि सून पहिल्यांदाच बरोबर आले. तिकिटं सुनेनंच मोबाइलवरून काढली. पण मांडवात शिरल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आधी फोटो, मग व्हिडिओ, मग उठून स्टॉलवर. ख्याल रंगात आलेला असताना ही साबुदाणा वड्यांची प्लेट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘बाबा, हे एकच ओळ अजून किती वेळ म्हणणार?’ माझा तोल गेला. म्हणालो, ‘रस नसेल तर येता कशाला? जागा अडवता नुसत्या.’ आवाज चढला असावा, कारण पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. ती उठून बाहेर गेली आणि शेवटपर्यंत बाहेरच थांबली. तेव्हापासून घरात आमचं बोलणं ‘जेवायला वाढलंय’ एवढंच. मुलगा म्हणतो, माफी मागा. माझं चुकलं का? आणि नुसतं मिरवायला येणाऱ्या या लोकांचं करायचं तरी काय? हेच लोक जानेवारीत नवी मुंबईला त्या परदेशी बँडसाठी तासन् तास उभे होते. तिथे बरा रस होता.

– नाना, पुणे ३०

नाना, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी तुमच्या बाजूची होते. ऐन रंगलेल्या ख्यालात शेजारी प्लेटचा खुळखुळाट झाला तर माझंही कपाळ चढतं. दुसऱ्या वाचनात मात्र मी सूनबाईंच्या प्रश्नापाशीच अडकले, अजून तिथेच आहे.

‘हे एकच ओळ अजून किती वेळ म्हणणार?’

अहो, याहून नेमका प्रश्न त्या संध्याकाळी त्या मांडवात कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. ज्याचं खरोखर लक्ष नसतं त्याला एकच ओळ परत येतेय हे कळतसुद्धा नाही. त्याच्या कानावर नुसती ‘आऽऽ’ पडत असते आणि तो मनात घरी जायच्या रिक्षाचा हिशोब करत असतो. ओळ तीच आहे, पुन्हा पुन्हा येतेय आणि याला काहीतरी कारण असणार, इथवर ही मुलगी पहिल्या तासाभरात पोचली. फोटो काढत, वडे आणत, पण पोचली. तुम्ही दार उघडायच्या ऐवजी कडी घातलीत.

कारण उत्तर तुमच्याकडे होतं. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात मात्रा बाराच, पण एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, सहज मिनिटभर चालतं. ती ओळ म्हणजे मुखडा. तो दर आवर्तनाला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊन पडतो आणि तबल्याच्या त्या ‘धिं’बरोबर मांडवातली निम्मी डोकी हलतात. दोन मुखड्यांच्या मधे जे मिनिट असतं, ते दर वेळी वेगळं. आधी नुसता षड्ज म्हणजे ‘सा’, मग त्याच्या आसपासचे दोन स्वर, मग गंधारावर जरा जास्त थांबणं, मग पंचम आता येतो की मग येतो असं करत त्याला लांबवत ठेवणं. किराणा घराण्याची गायकी तर या लांबवण्यावरच उभी आहे. अर्ध्या तासात तीस वेळा ओळ आली म्हणजे तीस वेळा गवई घराबाहेर पडून, दर वेळी जरा लांबचा फेरा मारून, उंबऱ्याशी परत आला. एवढंच सांगायचं होतं. कानात, हळू, पाच वाक्यांत. ‘आता बघ, तो परत येईल तेव्हा मी बोट दाबतो’ म्हणून तिचा हात हातात घेतला असतात, तर वडे गार झाले असते आणि तिच्या लक्षातही आलं नसतं.

तुमचं चुकलं का, याचं उत्तर: हो. आवाज चढला म्हणून नव्हे. तो तर पुणे ३० चा, म्हणजे सदाशिव पेठेचा, पत्ता वाचल्यावर मी गृहीतच धरला होता. चुकलं ते हे, की तुम्ही तिला ‘रस नसलेली’ ठरवून मोकळे झालात, आणि तेही तिला रस लागायला सुरुवात झाली होती नेमक्या त्या मिनिटाला.

आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्हाला परत वाचून दाखवते. ‘कॉलेजात असताना एका मित्रानं ओढून नेलं.’ ओढून, नाना. म्हणजे तुम्ही काही अंतःप्रेरणेनं गेला नव्हतात. त्या पहिल्या रात्री तुम्हाला काय कळलं होतं? खरं सांगा, मी छापणार नाही. तेव्हा महोत्सव रात्र रात्र चालायचा, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ही कायद्याची कात्री अजून लागायची होती. शेवटच्या दिवशी उजाडताना भीमसेन जोशी गायला बसायचे, आणि त्यांची वाट पाहत मांडवातल्या सतरंज्यांवर मफलरी गुंडाळून मंडळी रांगेनं झोपलेली असायची. काहींच्या घोरण्यालासुद्धा लय असायची. त्या झोपलेल्यांना कुणी ‘जागा अडवता’ म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. १९५३ साली आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, पहिल्या पुण्यतिथीला भीमसेनजींनी हा महोत्सव सुरू केला, तो इतकी वर्षं टिकला आणि एवढा वाढला, तो फक्त समेवर मान हलवणाऱ्यांच्या बळावर नाही. गाण्याला, चहाला, ‘ओळखीचं कोण कोण आलंय’ हे बघायला आणि नव्या शालीला हवा द्यायला आलेल्यांनीही तो मांडव भरलाय.

ही गोष्ट आजची नाही. बालगंधर्वांच्या नाटकाला पदं ऐकायला जाणारे होते, आणि त्यांनी शालू कसा नेसलाय, अंबाड्यात गजरा कसा माळलाय ते डोळ्यांत साठवायला जाणाऱ्या बायकाही होत्या. दुसऱ्या दिवशी घराघरांत तसं नेसून बघितलं जायचं. आता यांना तुम्ही कुठल्या रांगेत बसवाल? त्या पदांसाठी आल्या नव्हत्या. पण पदं ऐकून घरी गेल्या, आणि भाकरी थापताना गुणगुणल्या.

माझा स्वतःचा गुन्हाही कबूल करते. १९९३ च्या फेब्रुवारीत आमच्या ह्यांनी मला वानखेडेवर नेलं. इंग्लंडविरुद्धची कसोटी. विनोद कांबळीनं २२४ केल्या तीच. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी पिशवीतून लोकर काढली आणि स्वेटर विणायला बसले. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या सुयांकडे असं पाहिलं, जसं तुम्ही त्या प्लेटकडे पाहिलं असेल. ह्यांनी मला काही म्हटलं नाही. फिरकीचा मारा सुरू झाल्यावर फक्त एवढंच म्हणाले, ‘चेंडूकडे नको बघूस, तो तुला दिसणार नाही. बॅटच्या अगदी जवळ वाकून उभा आहे ना, त्याच्या पायांकडे बघ.’ मी बघत राहिले. बॉलर धावायला लागला की तो माणूस टाचा उचलायचा, आणि प्रत्येक चेंडूला त्याचं सगळं अंग मांजरासारखं आखडायचं. दिवसभर! स्वेटरची पाठ त्या दिवशी पूर्ण झाली, त्यात दोन टाके चुकले, आणि ते चुकले तेव्हा मी त्या माणसाचे पाय बघत होते. मी क्रिकेटची दर्दी झाले असं मुळीच नाही. पण त्यानंतर घरात कसोटी लागली की मी स्वयंपाकघरातून ‘कोण बोलिंगला आलाय?’ एवढं विचारू लागले, आणि आमच्या संसारात त्या प्रश्नाची किंमत फार होती.

आणि ज्यांना ‘खरा रस’ असतो, त्यांची गंमत सांगू? १४ नोव्हेंबर २०१३, तेच वानखेडे, सचिनची शेवटची कसोटी. भारताचा मुरली विजय बाद झाला आणि सगळं स्टेडियम आनंदानं उसळलं, कारण आता सचिन येणार. स्वतःच्या संघाची विकेट पडल्यावर टाळ्या! २०२५ च्या जानेवारीच्या शेवटी दिल्लीत एका रणजी सामन्याला हजारोंनी गर्दी लोटली, कोहली खेळणार म्हणून. तो ६ धावांवर त्रिफळाचीत झाला आणि स्टँड रिकामे होऊ लागले. सामना चालूच होता. ही माणसं कशासाठी आली होती, क्रिकेटसाठी की एका माणसासाठी? दुसरं उत्तर खरं असेल तर त्यात कमीपणा काय? आपणही ‘सवाई’ला एखाद्याच नावासाठी गेलो नाही का, आणि त्यानंतरच्या तरुण गायकाच्या वेळी चपला शोधत बाहेर पडलो नाही का? मी तर पडलेय. तो तरुण पुढे मोठा झाला, आता त्याला ऐकायला रांगेत उभी राहते.

तेव्हा रस नसणं हा काही गुन्हा नाही. दुसऱ्याचं ऐकणं मोडणं हा मात्र आहे, आणि त्या बाबतीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूची. राग चालू असताना रांगेतून वाट काढत जायचं नाही, मोबाइलचा उजेड पुढच्याच्या मानेवर पाडायचा नाही, करकरणारी पिशवी दोन कलाकारांच्या मधल्या वेळात उघडायची. हे सूनबाईंना सांगायलाच हवं होतं, पण आदल्या दिवशी, घरी, चहा पिताना. देवळात जाण्याआधी आपण मुलांना चपला कुठे काढायच्या ते सांगतो. आत गेल्यावर कानशिलात मारत नाही.

हे नियम जाणकारांनाही लागू आहेत, बरं का. मला मांडवात सगळ्यांत जास्त त्रास सेल्फीवाल्या पोरींचा होत नाही. तो होतो दुसऱ्याच स्वराला शेजाऱ्याच्या कानात ‘मारवा!’ असं रागाचं नाव जाहीर करणाऱ्या काकांचा. पाच मिनिटांनी तो पूरिया निघतो. मारवा, पूरिया आणि सोहनी, तिघांचे स्वर तेच, फरक चालण्याचा आणि जोर कुठे द्यायचा त्याचा. तेवढी वाट बघायला काका तयार नसतात. मग ते ‘तेच म्हणत होतो मी’ असंही म्हणतात. दुसरे, शेजाऱ्याच्या खुर्चीच्या दांड्यावर ताल धरणारे. धरतात तोही चुकीचा. यांना रस नाही असं कोण म्हणेल? रस ओसंडून वाहतोय, आणि तो माझ्या अंगावर सांडतोय.

राहता राहिला तुमचा टोमणा, नवी मुंबईच्या बँडचा. म्हणजे २०२५ च्या जानेवारीतला कोल्डप्लेचा कार्यक्रम, हो ना? माझी भाची गेली होती. तिथे आत शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. गाणं सुरू झालं की सगळ्या स्टेडियममधले पट्टे एकदम पेटतात, रंग बदलतात. म्हणजे प्रेक्षक हाच तिथला अर्धा देखावा. ओरडायचं, नाचायचं, गायकाच्या बरोबरीनं गायचं, फोन वर धरायचा, ही तिथली रीत. तिथे हाताची घडी घालून डोळे मिटून बसाल तर शेजारचा विचारेल, ‘काका, बरं वाटतंय ना?’ आमच्या बैठकीत डोळे मिटणं हे सर्वोच्च लक्ष देणं. सूनबाई एका घरची रीत दुसऱ्या घरी घेऊन आल्या. तुम्हाला ते ‘चित्त थाऱ्यावर नाही’ असं दिसलं. तिच्या हिशोबानं ती कार्यक्रमात भाग घेत होती. व्हिडिओ तिनं कुणाला पाठवला, विचारलंत? असेल एखादी मैत्रीण, जिला तिनं खाली लिहिलं असेल, ‘सासऱ्यांबरोबर सवाईला.’ हा माझा अंदाज आहे, पण मी त्यावर पैज लावायला तयार आहे.

बरं, आता करायचं काय.

मुलाच्या तोंडून माफी पाठवू नका. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेलं चित्र तर मुळीच नको. ती एकटी असताना, ओट्यापाशी, तिच्या हातात काही काम असताना जा. समोरासमोर बसवून माफी मागितली की समोरच्याला ‘जाऊ द्या हो बाबा’ म्हणावंच लागतं, आणि मग ते तसंच राहतं. ‘माझं चुकलं, पण तूही...’ यातला ‘पण’ घरी ठेवून जा. म्हणा, ‘त्या दिवशी तू जे विचारलंस ना, तो प्रश्न बरोबर होता. मी उत्तर दिलं नाही. आता देऊ का?’

ती ‘नको’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणून परत या. तिचा तो हक्क आहे, आणि चारचौघांतला अपमान एका वाक्यात फिटत नसतो. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा जा. ‘द्या’ म्हणाली, तर घरात जी ध्वनिमुद्रणं असतील त्यातलं एक लावा. तुमचं सगळ्यांत लाडकं नको, कारण त्यावर तिला जांभई आली तर तुमचा पुन्हा तोल जाईल. वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. बोटांच्या पेरांवर बारा मोजून दाखवा आणि तिला फक्त सम पकडायला सांगा. चुकू दे. पहिल्या पाच-सहा वेळा चुकेल, मग एकदा तिचं बोट आणि तबलजीची थाप एकाच वेळी पडेल. तेव्हा तिचा चेहरा बघा, आणि काही बोलू नका. ‘बघ, मी म्हटलं होतं ना’ तर नाहीच नाही. रागाचं नाव, थाट, वादी-संवादी यातलं काहीही त्या दिवशी काढायचं नाही. तिला वीस मिनिटांनी कंटाळा आला असं सरळ दिसलं तर बंद करा आणि चहा टाका, तुम्ही स्वतः.

पुढच्या डिसेंबरात पाचही दिवस तिला नेऊ नका. एक संध्याकाळ, आणि शक्यतो वादनाची. नव्या कानाला विलंबित ख्यालापेक्षा सतारीचा ‘झाला’ (शेवटचा जलद भाग) किंवा तबल्याबरोबरची सवाल-जवाबाची चुरस लवकर पोचते. मग पुढे तिचं तिला वाटलं तर ती ख्यालाला बसेल. तुमच्यासारखी बसेलच असं नाही. ती दोन तास बसून एक तास स्टॉलवर जाईल, तर जाऊ दे. परत येताना मधली वेळ बघून येईल, एवढं शिकली तरी पुष्कळ झालं.

आणि एकदा तुम्ही तिच्या आवडीच्या एखाद्या कार्यक्रमाला जा. रस नसताना. कान दुखतील, उभं राहावं लागेल, गुडघ्यांसाठी घडीची खुर्ची नेऊ देतात का ते आधी विचारा. तिथे तुम्ही तिला काय प्रश्न विचाराल याची मला फार उत्सुकता आहे. ‘हा एकच ठोका अजून किती वेळ वाजवणार?’ असा असेल, तर ती काय उत्तर देते आणि कुठल्या आवाजात देते, ते मला जरूर कळवा.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात राहून गेली, नाना. स्टॉल बाहेर, खायला उभं राहायची सोय बाहेर, तिथेच गरम गरम खाऊन ती मोकळी होऊ शकली असती. सगळेजण तेच करतात. तरी ती भरली प्लेट सांभाळत, अंधारात लोकांचे पाय चुकवत आत आली आणि मुलाच्या नव्हे, तुमच्या शेजारी येऊन बसली. तिकिटं काढून देणारीही तीच.

त्या प्लेटमध्ये वडे किती होते, आठवतंय का?